टेबलावरचं बीगल

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उत्क्रांतीचा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मी तेच म्हणायचे, 'डार्विन बीगल नावाच्या जहाजातून पाच वर्षं फिरला.' फिरला, की लगेच पुढचा मुद्दा. ते जहाज केवढं होतं, हा माणूस त्यात झोपायचा कुठे, असं कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होते?

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच डिसेंबरात भाचा जर्मनीहून येणार होता. "मावशी, काय आणू?" म्हणाला. मी बीगलचा लाकडी किट सांगितला, १:६० मापाचा. त्याला वाटलं, मुलांचं खेळणं असेल. खोका हातात आला तो बॅगेपेक्षा लांब. मग पठ्ठ्याने खोका तिथेच टाकून दिला, लाकडी पट्ट्या नळाच्या पाइपात भरल्या, प्लायचे तक्ते शर्टांच्या घडीत घातले आणि आणलं सगळं. विमानतळावर त्या पाइपावरून दोनदा चौकशी झाली, हे तो अजून ऐकवतो.

जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं तेव्हा त्यात जहाज कुठेच नव्हतं. झाडूच्या हिरांसारखा पट्ट्यांचा जुडगा, पिशवीत पितळी टाचण्या, तुरीच्या डाळीएवढ्या कप्प्या, वेगवेगळ्या जाडीचे दोरे, आणि एक माहितीपुस्तक. हे म्हणाले, "जेवायचं कुठे?" पुढचे चौदा महिने आम्ही टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन जेवलो.

खरं बीगल लांबीला ९० फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटर. लोकलच्या दीड डब्याहूनही कमी. त्यात १८३१ साली निघताना ७४ माणसं होती. डोंबिवलीकराला दीड डब्यात चौऱ्याहत्तर माणसं म्हणजे गाडी रिकामीच. पण पाच वर्षं? शिवाय पाण्याची पिंपं, तोफा, होड्या आणि मोजणीसाठी २२ क्रोनोमीटर, म्हणजे अगदी अचूक चालणारी घड्याळं. साठाने भागलं की जहाजाचं अंग होतं शेहेचाळीस सेंटिमीटर. आमच्या पोळपाट-लाटण्याच्या शेजारी बसेल एवढं.

सुरुवात सोपी वाटते. मधोमध प्लायचा एक कणा, त्याच्या खाचांत आडव्या चौकटी बसवायच्या, माशाच्या काट्यासारखा सांगाडा उभा राहतो. मग चौकटींच्या कडा पॉलिश पेपरने तिरक्या घासायच्या, म्हणजे वरून येणारी पट्टी नुसत्या कोपऱ्यावर न टेकता पूर्ण कडेवर बसेल. हे काम कंटाळवाणं म्हणून मी दोन दिवसांत उरकलं. ते आठ दिवसांचं होतं, हे पुढे कळलं.

त्यानंतर पट्ट्या. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, गरम लोखंडावर वाकवायच्या, फेविकॉल लावून टाचण्यांनी ठोकायच्या. वाकवायला मी लेकीचं केस कुरळे करायचं मशीन घेतलं. (ते परत मागू नको, असं तिला सांगितलंय.) हात बसला तशी मला चढली. एका बाजूच्या सहा पट्ट्या मी सलग लावून टाकल्या. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने एक डोळा मिटून पाहिलं, तर कण्याचं केळं झालेलं!

त्या वेळी वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचं काम चालू होतं. तिथल्या सुतारदादांना खाली बोलावलं. त्यांनी सांगाडा हातात घेतला, उलटा केला, हसले नाहीत. "काकू, ओली पट्टी वाळताना आखडते. एकाच बाजूला लावलीत, ओढणारच. बाजेची सुंभं कशी दोन्हीकडून ताणतात, तसं एक डावी, एक उजवी जायचं."

उपाय मात्र त्यांच्याकडे नव्हता, तो माझ्या विज्ञानात होता. कोरोनात घेऊन ठेवलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली कपाटात होती. वाळलेला फेविकॉल त्याने मऊ पडतो. खिडक्या उघडून, गॅस बंद ठेवून, ब्रशने प्रत्येक सांध्याला अल्कोहोल लावलं, दहा मिनिटं थांबले, मग कटरचं पातं हळूच सरकवलं. सहापैकी चार पट्ट्या अखंड निघाल्या, दोन तुटल्या. कणा दोन सपाट फळ्यांत दाबून आठवडाभर ठेवला, वर शब्दकोशाचे खंड. शंभर टक्के सरळ झाला नाही. अजूनही मागे किंचित कल आहे, पण तो मला आणि सुतारदादांनाच दिसतो.

दुसऱ्यांदा लावताना आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती शिवणाने शिकवली. जहाजाचा घेर पोटाशी जास्त, नाळेशी कमी. पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची ठेवली तर पुढे एकीवर एक चढते. म्हणजे हा कळीचा परकर! कंबरेकडे प्रत्येक कळी निमुळती, खाली रुंद. तशी प्रत्येक पट्टी नाळेकडे तासून निमुळती करायची. मागच्या टोकाला उलट, तिथे फटी उघडतात आणि पाचरीसारखा तुकडा घालावा लागतो. आईने पन्नास वर्षांपूर्वी कागदावर कापून दाखवलेलं हे गणित इथे उपयोगी येईल असं तिलाही वाटलं नसतं.

पहिला थर झाकलाच जातो. त्यावर लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरायची, घासायचं, पुन्हा भरायचं, मग अर्ध्या मिलिमीटरची गडद पट्टी दुसऱ्या थराला. घासण्याबद्दल जास्त लिहीत नाही. आमच्या घरात त्या महिन्यात तुरीच्या डाळीलाही लाकडाचा वास होता.

वरचं डेक बसवताना कळलं की १८३१ च्या दुरुस्तीत कप्तान फित्झरॉयने ते मागे आठ इंच आणि पुढे बारा इंच उचलून घेतलं होतं. या जातीची जहाजं पाण्यात खोल बसत, डेकवर आलेलं पाणी लवकर ओसरत नसे, आणि खलाशी त्यांना 'शवपेट्या' म्हणत. बारा इंच म्हणजे माझ्या मापात पाच मिलिमीटर, एका पट्टीची रुंदी. तेवढ्यावर चौऱ्याहत्तर जणांचा जीव. बीगल १८२० साली वूलिचच्या गोदीत बांधलं गेलं आणि १८७० साली मोडीत विकलं. बीगल बांधलं त्याच्या तीन वर्षं आधी, १८१७ साली, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाचं 'ट्रिंकोमाली' हे जहाज बांधलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. याचा मला उगाच अभिमान वाटतो.

आता ती केबिन. मागच्या डेकवरची नकाशांची खोली, साधारण दहा फूट बाय अकरा, उंची पाच फूट. डार्विनला जागा मिळाली ती इथे. किटमध्ये ही खोली म्हणजे चार भिंती आणि छत, आत काही नाही. मी मोजमाप केलं: पाच सेंटिमीटर बाय साडेपाच, उंची अडीच. जाड कागदाचा माणूस कापला. डार्विन जवळजवळ सहा फूट, म्हणजे तीन सेंटिमीटर. उभा केला, तो मावेना. मान मोडावी लागली. मधे नकाशांचं टेबल ठेवलं, मागची डोलकाठी जिथून खाली जाणार तिथे टूथपिक रोवली. उरलेल्या जागेत एक माणूस कसाबसा वळेल. आणि हे टेबल त्याचं एकट्याचं नव्हतं, त्यावर नकाशे काढणारे अधिकारीही काम करायचे.

तो झोपायचा टेबलाच्या वर टांगलेल्या झोळीत. मी ड्रेसिंगच्या गॉजचा तुकडा घेऊन झोळी केली, दोन्ही टोकांना दोरे बांधले, आणि टांगायला गेले तर ती बसेना. माणूस तीन सेंटिमीटरचा, पण झोळीच्या दोऱ्यांना दोन्हीकडे जागा लागते, आणि भिंती संपतात. इथे मी उठून उभी राहिले. कारण वाचलेलं आठवलं: झोळीचं पायाकडचं टोक मावावं म्हणून डार्विनला भिंतीतल्या कपाटाचा एक खण काढून ठेवावा लागला होता. वाचताना मला तो किस्सा वाटला होता. मी कटरने मागच्या भिंतीत चार मिलिमीटरची खाच पाडली, दोरा त्यात गेला, झोळी टांगली गेली.

मग प्रश्न छताचा. उघडता येईल असं ठेवायचं मनात होतं. पण मागची डोलकाठी छतातून खाली उतरते. एकदा ती रोवून दोर ताणले की छत हलत नाही. दोन दिवस काठी हातात घेऊन बसले. शेवटी छत चिकटवलं, दार मात्र अर्धवट उघडं ठेवलं.

पावसाळा दोरकामात गेला. मूळ बीगलला दोनच डोलकाठ्या होत्या, तिसरी १८२५ मध्ये बसवली. तिच्यावर आडवी शिडं नाहीत, म्हणून तिचं दोरकाम कमी. मी मनातल्या मनात आभार मानले. बाकी दोघींना बाजूने दोरशिड्या. उभे दोर आधी, त्यावर सहा-सहा मिलिमीटरवर आडवे दोरे, प्रत्येक छेदावर गाठ. स्काउटमध्ये शिकवतात ती क्लोव्ह हिच. दोऱ्याला आधी मधमाशीचं मेण चोळलं, नाहीतर तंतू फुलून दोरखंडाऐवजी लोकर दिसते. पहिली शिडी मी गाठी करकचून आवळत बांधली आणि तिचा डमरू झाला, कडेचे दोर मधे ओढले गेले. उसवली. पुन्हा बांधताना मागे आखीव कागद लावला, गाठ नुसती बसवायची, ओढायची नाही. सातशे गाठींपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. एका आडव्या काठीची कप्पी बसवायची विसरले आणि काठी वर चढवल्यावर आठवलं. ती कप्पी अजून पिशवीत आहे. शिडं लावलीच नाहीत. शिडांनी सगळं दोरकाम झाकलं गेलं असतं, आणि एवढं सोसून मी ते झाकू देणार नव्हते.

फेब्रुवारीत जेवणाचं टेबल मोकळं झालं. जहाज काचेच्या पेटीत, पुस्तकांच्या कपाटावर.

मे महिन्यात नात आली. तिने पेटी उघडायला लावली, मोबाइलचा टॉर्च केबिनच्या दाराच्या फटीशी धरला आणि बराच वेळ एक डोळा लावून बसली.

"आजी, आत झोळी आहे."

"हो."

"बाळ झोपलंय?"

"बावीस वर्षांचं आहे," मी म्हटलं.