दवाखाना ओढायला कुठली गाडी?

माझं गॅरेज सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे. डिझेल फोर-बाय-फोर हेच मुख्य काम. सांगोल्याचे डाळिंबवाले, मंगळवेढ्याचे बागायतदार, साईटवर फिरणारे कॉन्ट्रॅक्टर अशी नेहमीची गिऱ्हाईकं. गाडी घेण्याआधी सल्ल्याला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो ते एकच : "पिकअप कसा हाय?" कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, ओढायच्या गाडीबद्दल मात्र आधी कुणी विचारलेलं नव्हतं.

सप्टेंबरअखेरचे दिवस होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. दातांचे एक डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस, त्याही दातांच्याच डॉक्टर, गॅरेजसमोर येऊन थांबले. मागे पांढरीशुभ्र कॅराव्हॅन. पुण्याकडे बनवून घेतलेली, आत दातांच्या तपासणीची खुर्ची, कॉम्प्रेसर, हत्यारं उकळायचं यंत्र, वर एसी. ओढायला मेव्हण्याची आखूड, दोन दारांची डिझेल फोर-बाय-फोर मागून आणली होती. तीच पसंत पडली तर तसलीच घ्यायचा विचार होता.

डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. मोहोळच्या अलीकडे उतारावर एक कंटेनर शेजारून गेला आणि कॅराव्हॅनचं शेपूट डावी-उजवीकडे झुलायला लागलं. प्रत्येक झोक्यागणिक ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग हलत होता. नशीब, त्यांनी घाबरून ब्रेक मारला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि वेग उतरला तशी ती शांत झाली. अशा वेळी तेच करायचं असतं. करकचून ब्रेक मारला की मागचं वजन पुढच्या गाडीला आडवं ढकलतं.

"मग मी फोर-एच टाकलं," ते म्हणाले, "म्हटलं चारी चाकांची पकड मिळेल. आता लिव्हर निघतच नाही."

कोरड्या डांबरावर तसं होणारच. या गाड्यांत फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो गिअरमध्ये पीळ होऊन साठतो. कॅराव्हॅन सोडवली, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली, पीळ सुटला, लिव्हर आला. झुलण्यावर फोर-एच हा इलाजच नाही. हायवेला ओढताना मागची दोन चाकं पुरतात, कारण कॅराव्हॅनच्या तोंडाचा भार त्यांच्यावरच असतो. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या डिझेल एसयूव्ही मी या कामाला सुचवत नाही. मागे भार बसला की त्यांची ओढणारी चाकंच हलकी होतात.

मी मॅडमना विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी?

"ऊसतोडीच्या फडावर न्यायचाय दवाखाना," त्या म्हणाल्या. "मिश्री लावणाऱ्या बायका दुखलं तरी शहरात येत नाहीत. एक दिवस गेला तर कोयत्याची मजुरी बुडते. तोंडात पांढरा चट्टा असतो, तो कुणी बघितलेलाच नसतो. हंगाम सुरू झाला की टोळ्या येतील. आपणच जायचं."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ऊसपट्ट्यात सांगावं लागत नाही. मॅडमचं ऐकल्यावर मी त्या दिवसाची बाकीची कामं पोरांवर सोपवली.

गाडी कुठली, हे ठरवायच्या आधी ओढायचं काय ते कळायला हवं. आम्ही हैदराबाद रोडला मार्केट यार्डाकडच्या वजनकाट्यावर गेलो, कांद्याच्या गाड्यांमागे रांगेत उभे राहिलो. बनवणाऱ्याच्या कागदावर रिकाम्या कॅराव्हॅनचं वजन १,१२० किलो होतं. काट्यावर सगळ्या सामानासकट आलं १,६४०. डॉक्टरांना पटेना, पुन्हा चढवायला लावली. आकडा तोच. खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर, बॅटऱ्या, कपाटं, एसी आणि शंभर लिटर पाणी म्हणजे नुसतं पाणीच शंभर किलो. पाचशेवीस किलो असेच चढतात.

मग तोंडाचं वजन. जोडाच्या गोळ्यावर कॅराव्हॅनचं तोंड किती दाबतं, यावर तिची चाल ठरते. यार्डातल्या एका आडत्याकडून गोण्या तोलायचा काटा मागून आणला. कॅराव्हॅन सपाट जागेवर पातळीत उभी केली, चाकांना दगड लावले आणि जोडाखाली लाकडाचा ठोकळा देऊन तोंड काट्यावर टेकवलं. आले फक्त ५० किलो. एकूण वजनाच्या तीन टक्के. ऑस्ट्रेलियात दहा टक्क्यांच्या आसपास धरतात, ब्रिटनमध्ये पाच ते सात. तीन म्हणजे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

कारण मागचं दार उघडल्यावर दिसलं. जनरेटर आणि बॅटऱ्या अगदी शेपटाला, पाण्याची टाकी चाकांच्या मागे. बनवणाऱ्याने जागा सापडेल तिथे सामान बसवलं होतं. शेजारी एक ट्रॅक्टरवाले मामा खताची ट्रॉली घेऊन उभे होते. आमचा खटाटोप बघून जवळ आले, आत डोकावले.

"मालक, हे तर ट्रॉलीच्या शेपटाला ऊस भरल्यागत झालंय की. मागं जास्त भरला की ट्रॅक्टरचं मागचं चाक उचलतंय, मग वढायचं कशानं?"

अगदी बरोबर. आयुष्यभर ट्रॉली ओढलेल्या माणसाला हे काट्याशिवाय कळतं.

आम्ही तिथेच सामान हलवलं. जनरेटर-बॅटऱ्या मिळून साठेक किलो, त्या चार मीटर पुढे ड्रॉबारवरच्या, म्हणजे जोडाच्या दांड्यावरच्या पेटीत आणून पट्ट्यांनी आवळल्या. टाकी रिकामी करून तेवढंच पाणी कॅनमध्ये भरलं आणि कॅन बरोबर चाकांच्या वर, जमिनीवर बांधून ठेवले. पुन्हा तोंड काट्यावर : १४० किलो. एकूण वजन तेच, एक किलोही कमी केलेलं नाही. जोडाच्या पट्टीवर १५० ची मर्यादा ठोकलेली होती, तीही बघून घेतली. हा आकडा कुणी बघत नाही, आणि बघायलाच हवा.

आता गाडी. ब्रिटनमधले कॅराव्हॅन क्लब नवशिक्याला सांगतात की कॅराव्हॅनचं भरलेलं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नव्हे, पण मला पटतो. १,६४० किलोला हा हिशोब लावला तर गाडी साधारण १,९३० किलोची तरी हवी. मेव्हण्याची गाडी काट्यावर १,७६० भरली, म्हणजे प्रमाण ९३ टक्के. त्यात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आत. डोंगरात, ओढ्यात ती आखूड गाडी फार गुणी आहे. पण आखूड गाडीला मागचं वजन चटकन फिरवतं. हॉर्सपॉवर वाढवून हे भरून निघत नाही.

डॉक्टरांच्या यादीत फॉर्च्युनर होती. २.८ डिझेल, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायची ताकद), तोही साधारण १,६०० ते २,८०० आरपीएममध्ये. डिझेल घ्यायचं ते याचसाठी. चढावर इंजिन किंचाळवायला लागत नाही, खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते. वजन दोन टनांच्या पुढे, खाली लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी पक्की चौकट. पैसे असतील तर डोळे मिटून घ्यावी. फोर्ड एन्डेव्हरचं ३.२ पाच सिलिंडरचं इंजिन, ४७० न्यूटन-मीटर, ही माझी वैयक्तिक आवडती. पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, आणि ऐन हंगामात पार्टसाठी दवाखाना उभा राहिलेला चालणार नव्हता. स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर-बाय-फोर मला या यादीत किमतीच्या मानाने चांगली वाटते. तीच गाडी ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेला २,५०० किलोचा ट्रेलर ओढायला मान्य आहे. तिथला आकडा मात्र इथे जसाच्या तसा धरू नये. आपल्याकडच्या माहितीपत्रकात हा आकडा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. गाडीचं मॅन्युअल वाचावं आणि कंपनीकडून लेखी घ्यावं. हूक बाजारात कुणीही लावून देतो, पण तो फ्रेमला बसलाय की नुसत्या बंपरच्या पत्र्याला, हे खाली झोपून बघावं.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्यांची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, फोर-बाय-फोर ऑटोमॅटिक, सर्व्हिसिंग होऊन गॅरेजला उभी होती. फ्रेमला पक्का बसवलेला हूक आणि ट्रेलरच्या दिव्यांचा प्लगही होता. मालकांना फोन करून सगळं सांगितलं. "दवाखान्याचं काम हाय ना? न्या की," एवढंच ते म्हणाले. १.९ लिटरचं इंजिन, ३६० न्यूटन-मीटर. कागदावर फॉर्च्युनरपुढे कमीच. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या वर, मागे भार सोसणारे पाटे, आणि मुख्य म्हणजे हौदा. जनरेटर-बॅटऱ्या कॅराव्हॅनमध्ये ठेवायच्याच कशाला? हौद्यात केबिनला टेकवून बांधल्या की त्यांचं वजन गाडीच्या मागच्या एक्सलच्या पुढे पडतं, कॅराव्हॅन साठ किलोंनी हलकी होते, आणि रुग्णाच्या कानाशी भुणभुण नाही की धूर नाही. तसं करून तोंड मोजलं तर ११० किलो आलं, १,५८० ला सात टक्के. मला तेवढं पुरेसं होतं. पिकअपचा एक तोटा खरा : एक्सलच्या मागे लांब शेपूट असतं, त्यामुळे जोडाचा गोळा एक्सलपासून लांब पडतो आणि मागच्या झोक्याला तेवढा जोर मिळतो. म्हणूनच तोंडाचं वजन नीट असल्याशिवाय पिकअपने ओढू नये.

निघण्याआधी कॅराव्हॅनचे ब्रेक बघितले. ते ओव्हररन पद्धतीचे. पुढची गाडी वेग कमी करते, मागची पुढे रेटते, जोडातला दांडा आत सरकतो आणि केबल ओढून ब्रेक लावतो. दांडा जवळजवळ शेवटपर्यंत आत जात होता, म्हणजे ब्रेक नावालाच. लायनर ड्रमजवळ आणून घेतले, मग केबलचा ढिलेपणा काढला. हा क्रम उलटा करू नये.

तुळजापूरचा घाट व्यवस्थित झाला. चढताना गिअर मॅन्युअलमध्ये धरला, नाहीतर ऑटोमॅटिक सारखा वर-खाली करत तेल तापवतो. उतरताना त्याच गिअरात, ब्रेक अधूनमधून. शेजारून ट्रक गेले, कॅराव्हॅन हलली नाही. येताना हायवेला डॉक्टर स्वतः चालवत होते. पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले दिसले.

खरी परीक्षा दुपारी मंद्रूपच्या बाजूला झाली. उसाच्या शेतातली पाणंद, काळी माती, रात्रीच्या पावसाने भिजलेली. इथे फोर-बाय-फोरचे पैसे वसूल होतात. टू-एचमध्ये, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर चालवताना, ती चाकं दोन-चार फेऱ्यांत मातीने भरून गुळगुळीत झाली आणि जागीच फिरायला लागली. फोर-एल, म्हणजे चारी चाकं खालच्या गिअरात, टाकलं, पाय अगदी हलका ठेवला, गाडी मुंगीच्या चालीने निघाली. निघाली ती बांधाच्या वळणापर्यंत आणि पुन्हा जड झाली. उतरून बघतो तर पिकअपची चारही चाकं फिरत होती, पण कॅराव्हॅनची दोन्ही चाकं फिरतच नव्हती. मडगार्ड आणि टायरमधल्या चार बोटांच्या फटीत माती ठासून बसली होती. चाकाचा दगड झालेला, आणि आम्ही तो फरफटत ओढत होतो. शेतकऱ्याकडून खुरपं आणून मी आणि डॉक्टर ती माती कोरत बसलो. गाडी कितीही चांगली घ्या, ओढल्या जाणाऱ्या चाकांनी फिरायला नको का? मी मॅडमना तिथेच सांगितलं, मडगार्ड कापून वर घ्यायची, फट किमान एका वीतभर ठेवायची.

मॅडमनी अर्धवट बाहेर काढलेली ती कॅराव्हॅन बघितली आणि निर्णय दिला : "ओल असेल तेव्हा दवाखाना डांबरावर थांबेल. पाणंदीतून पिकअप एकटी जाईल आणि बायकांना घेऊन येईल." मला सुचलं नसतं. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, केबिनमध्ये चारच न्यायच्या, एवढं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार तर चार. फेऱ्या करू."

दिवाळीच्या सुमारास त्यांनी वापरलेली व्ही-क्रॉस घेतली, फोर-बाय-फोर ऑटोमॅटिक. घेण्याआधी मी फ्रेम हातोडीने ठोकून बघितली, ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) तेल काढून त्यात धातूचा कीस आहे का ते तपासलं, आणि फोर-एल खरंच लागतं का ते मातीत नेऊन पाहिलं. बऱ्याच गाड्यांत ते वर्षानुवर्षं कुणी टाकलेलंच नसतं. कॅराव्हॅनची नोंदणी आणि विमा वेगळा, नंबरप्लेट वेगळी, तेही झालं. पाण्याची टाकी चाकांवर घेतली, मडगार्ड कापली. पाणी आता फडाजवळच्या गावात भरतात, प्रवासात टाकी रिकामी. बहुतेक वेळा गाडी मॅडमच चालवतात.