आमची वाटचाल : कार्बोरेटरच्या शाफ्टपासून

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांची लेथ होती. बुश, पिना, स्पेसर असं जॉबवर्क चालायचं आणि मागच्या शेडमध्ये मी मित्रांच्या गाड्या उघडायचो. या दोन कामांतूनच जुन्या मोटरसायकलींच्या कार्बोरेटरवर सेन्सर बसवायच्या किटचा आमचा धंदा उभा राहिला.

तक्रार बहुतेक एकच असायची. डबलसीट गगनबावड्याचा घाट चढताना इंजिन नॉकिंग करतं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी पेटून खडखडतं. टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली, की घाटात शांत, पण सपाटीला पिकअप मेलेला. बऱ्याच जुन्या गाड्यांचा सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, फक्त इंजिनाचे फेरे बघतो. मूठ किती पिळलीय हे त्याला कळतच नाही. थोड्या थ्रॉटलवर, म्हणजे मूठ थोडीच पिळलेली असताना, सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण कमी भरतं आणि सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडायला हवी. पूर्ण थ्रॉटलवर ते दाटून भरतं, भराभर जळतं; तिथं तीच लवकरची ठिणगी नडते. बजाजने २००३ च्या पल्सर डीटीएस-आयमध्ये थ्रॉटलप्रमाणे टायमिंग बदलायची सोय दिली होती. आम्हाला ती जुन्या गाडीवर हवी होती, तीही मुठीच्या प्रत्येक हालचालीबरोबर बदलणारी.

प्रोग्रॅम करता येणारा सीडीआय विकत मिळतो, मूठ किती पिळलीय ते सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सरही मिळतो. मिळत नाही तो या दोघांना कार्बोरेटरशी जोडणारा लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, आणि तोच आमचा माल. सीव्ही प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये बटरफ्लायचा, म्हणजे मुठीबरोबर उघडणाऱ्या गोल झडपेचा, शाफ्ट असतो. त्याच्या मोकळ्या टोकाला आम्ही छोटा अडॅप्टर बसवतो आणि त्यावर सेन्सर. अडॅप्टर आणि सेन्सरचा मध्य एका रेषेत आलाच पाहिजे. तिरका बसला तर सेन्सरच्या आतली पट्टी झिजते, आणि त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटल अडकतो. मूठ सोडल्यावर बटरफ्लाय खट्‌कन बंद झाली नाही, तर ती गाडी आमच्या दारातून बाहेर जात नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, यात सूट नाही.

सेन्सरला तीन वायरी : ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. ब्रॅकेटची भोकं मुद्दाम लांबट ठेवली आहेत, म्हणजे सेन्सर फिरवून सेटिंग करता येतं. मूठ बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर साडेचारच्या आसपास. मधे आकडा न अडखळता चढला पाहिजे. मग सीडीआयला बंद आणि पूर्ण अशी दोन्ही टोकं शिकवायची. सिग्नलची वायर इग्निशन कॉइलपासून लांबून न्यावी, नाहीतर गाडी मिसिंग मारते, म्हणजे ठिणगी मधेच चुकते, आणि फिटर बिचारा कार्बोरेटरचे जेट साफ करत बसतो.

१ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ हा कडक नियम आला आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. धंदा बंद कर, असं नातेवाईक म्हणाले. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या कुठं जाणार? उलट त्या जपणारी पोरं वाढली. आज सांगली, बेळगावचे फिटर आमचं किट नेतात. प्रत्येकाला आधी शेडमध्ये बोलावून एक गाडी त्यांच्याच हातानं बसवून घेतो. नुसतं पार्सल आम्ही पाठवत नाही.

आता यामाहा आरएक्स १०० वाले मागे लागलेत. तिथं बटरफ्लायऐवजी कार्बोरेटरची स्लाइड सरळ वर ओढली जाते, शाफ्टच नाही. म्हणून केबल मधेच एका चकतीवरून फिरवून सेन्सर त्या चकतीवर, अशी पेटी लेथवर घेतली आहे. केबलचा ताण आणि चकतीची स्प्रिंग यांचं गणित अजून मनासारखं बसलेलं नाही. ते बसेपर्यंत ऑर्डर घेत नाही.