लिव्हर पार्कमध्ये, गाडी उताराला

न्यू जर्सीतल्या एका डीलरशिपच्या सर्व्हिस काउंटरवर मी काम करतो. गाडी कशासाठीही येवो, मी आधी तिचा व्हीआयएन, म्हणजे 17 अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, सिस्टीममध्ये टाकतो. एखादा रिकॉल, म्हणजे कंपनीनं दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं, बाकी असेल तर तो लगेच दिसतो.

एका शनिवारी एमएस करणारी साताऱ्याची एक मुलगी आईला घेऊन आली. गाडी सेकंडहँड, ऑटोमॅटिक; म्हणजे थांबल्यावर लिव्हर 'पार्क'वर टाकला की ती जागेवर अडकून राहायला हवी. काम फक्त ऑइल बदलायचं. नंबर टाकला तर शिफ्ट केबलच्या बुशचा, म्हणजे गियरची केबल अडकवणाऱ्या छोट्या कडीचा, रिकॉल बाकी. मी विचारलं, "पार्कमध्ये टाकल्यावरही गाडी कधी हलली का?" मुलगी नाही म्हणणार तेवढ्यात आई बोलल्या, "अगं, परवा दुकानापाशी नाही का! मी डिकीतून पिशव्या काढत होते आणि गाडी मागे आली. तू म्हणालीस, गियर नीट पडला नसेल."

गियर टाकण्यात तिची काही चूक नव्हती. लिव्हर सरकवला की केबल ओढली जाते आणि गियरबॉक्सवरचा दांडा फिरवते. केबलचं टोक त्या दांड्याला एका छोट्या बुशनं अडकवलेलं असतं. उष्णतेनं, दमटपणानं ते झिजतं, तुटतं, आणि केबल निसटते. मग लिव्हर पार्कमध्ये, डॅशबोर्डवरही पार्क, चावीसुद्धा निघते, पण गियरबॉक्स आधीच्याच गियरमध्ये. ना दिवा लागतो, ना बझर वाजतो. इथे सपाटीला हँडब्रेक लावायची सवय फारशी कुणाला नाही, त्यामुळे गाडी धरून ठेवायला दुसरं काहीच उरत नाही.

आईंचं ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. 2016 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला अँटन येल्चिन हा 27 वर्षांचा नट घराच्या उतारावर स्वतःचीच जीप ग्रँड चेरोकी आणि खांब यांच्यामध्ये चिरडून गेला. तिथला दोष वेगळा होता: लिव्हर दर वेळी मध्यावर परत यायचा, त्यामुळे पार्क पडला की नाही हे हाताला कळत नसे. त्या 11 लाख गाड्यांचा रिकॉल एप्रिलमध्येच जाहीर झाला होता.

गाडी मी आतच ठेवून घेतली. मुलगी म्हणाली, "दादा, सोमवारी परीक्षा आहे, नंतर आणते ना. आणि खर्च किती?" खर्च शून्य, रिकॉलचं काम कंपनीनं फुकट करून द्यायचं असतं. बुश सुदैवानं स्टॉकमध्ये होतं. आमच्या मेकॅनिकनं जुनं काढून नवं बसवलं, वर संरक्षक टोपी लावली. तासाभरात काम झालं. काढलेलं बुश त्यानं चिमटीत दाबलं तर त्याचा भुगाच झाला.

"पण विकणाऱ्यानं सांगायला नको होतं?" आईंनी विचारलं. त्याचं उत्तर देताना मला दर वेळी राग येतो. नवी गाडी रिकॉलचं काम केल्याशिवाय ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. कॅलिफोर्नियात 2004 मध्ये रिकॉल न केलेल्या भाड्याच्या गाडीत रेचल आणि जॅकलिन हाउक या बहिणींचा जीव गेला. त्यांच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2016 पासून 35 हून जास्त गाड्यांच्या भाडे कंपन्यांनाही ही बंदी लागू झाली. जुन्या गाड्या विकणाऱ्यांवर मात्र अशी केंद्रीय बंदी नाही. आपल्याकडची बहुतेक मुलं पहिली गाडी जुनीच घेतात, आणि रिकॉलचं पत्र आधीच्या मालकाकडे जाऊन जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडलेलं असतं. ही पळवाट बंदच व्हायला हवी.

एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर व्हीआयएन टाकून कुणालाही फुकटात तपासता येतं. मी मुलीला ते तिच्याच फोनवर करून दाखवलं आणि हँडब्रेक रोज लावायला सांगितलं. तिनं तिथेच बसून मैत्रिणींकडून त्यांच्या गाड्यांचे व्हीआयएन मागवले. त्यातल्या एकीच्या गाडीची एअरबॅग बदलायची राहिली होती. तिला मी पुढच्या आठवड्याची वेळ देऊन टाकली.