पायवाटेच्या तोंडाशी पोचेपर्यंत

आज शहराच्या टोकाच्या निसर्ग उद्यानात चालून आले. रान सुंदर होतंच, पण लिहायचंय ते तिथवर पोचण्याबद्दल.

उद्यानाचं नाव नकाशात टाकलं की पिन बहुतेक वेळा मुख्य फाटकावर पडते, नाहीतर हिरव्या पट्ट्याच्या मधोमध. पायवाट भलत्याच बाजूने सुरू होत असते. म्हणून कालच उपग्रह चित्रात वाटेचं तोंड शोधलं, ती पिन ठेवली आणि तेवढा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते थेट उपग्रहांचे संकेत पकडतं.

ट्रेन, मग बस. शेवटच्या थांब्यानंतर फुटपाथच संपतो आणि भरधाव गाड्यांच्या कडेने जीव मुठीत धरून चालावं लागतं. या तुकड्याचा मला मनापासून राग येतो. आतल्या वाटा इतक्या निगुतीने राखायच्या आणि पायी येणाऱ्याचा विचारच करायचा नाही? गाडी नसलेल्यांचंही रान आहे ते!

परतीची शेवटची बस आधी बघायची आणि वेळ उलटा मोजायचा. विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा अजून कामाला येतो: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक. त्यात थांबणं धरलेलं नाही. मी पक्ष्यांसाठी भरपूर वेळ वेगळा काढला होता, आणि तो सगळा वापरला.

बसने जायचं असेल तर सांगा, पिन पाठवते.