सातबारा नसलेली भाजी

शुक्रवार, संध्याकाळ

गणपती बुधवारी, ऋषिपंचमी गुरुवारी. म्हणजे परवाचा रविवार हा आमच्या शेतकरी बाजाराचा वर्षातला सगळ्यांत मोठा रविवार. दिवाळीच्या आधीच्या रविवारीही एवढी गर्दी नसते. सकाळपासून फोनवर एकच धोशा: अळू येणार ना, सुरण येणार ना, मक्याची कणसं कोवळीच हवीत बरं का. एरवी वर्षभर ब्रोकोली आणि झुकिनी मागणारी घरंसुद्धा या आठवड्यात लाल माठावर येतात. एकीने तर अंजीर विचारलं. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते हिला पाठ आहे, पण भाद्रपदात झाडावर अंजीर नसतं हे कोणी सांगितलेलं नाही. म्हटलं, सीताफळं आहेत, ती घे. तीही पुरंदरचीच.

दुपारी मात्र वेगळा फोन. सासवडच्या अण्णांचा. हे गृहस्थ कधी कुणाबद्दल वावगं बोलत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला पाऊसपाणी, वाटाण्याचा भाव, नातवाची शाळा असं सगळं झालं. मग म्हणाले, "ताई, माझं नाव नका घेऊ, पण ते टोमॅटोवालं पोरगं आहे ना, त्याचा सगळा माल त्याच्या रानातला नाही. गुलटेकडीवरनं, मार्केट यार्डातनं उचलतंय."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. माझी मात्र झोप उडाली. आमच्या बाजाराचा नियमच एक आहे: स्वतः पिकवलेलं विकायचं. फलकावर तेच लिहिलंय, लोक येतात तेही त्यासाठीच. नोंदणी करताना आम्ही प्रत्येकाचा सातबारा बघतो. या पोराचाही बघितलाय. नारायणगावच्या पट्ट्यातला, स्वतःच्या नावावरचा, चोख.

शनिवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. ताडपत्र्या पुरतील की नाही ही काळजी. कोथिंबिरीचं काही खरं नाही. भिजलेली जुडी टेम्पोत दोन तास दबली की मधून काळी पडते आणि वरून हिरवीगार दिसते. गिऱ्हाईक घरी जाऊन सोडतं आणि शिव्या आम्हाला.

संध्याकाळी मार्केट यार्डातले भाव मागवून घेतले. तिथे फळभाज्यांचा भाव दहा किलोचा सांगतात, पालेभाजीचा शेकडा जुड्यांचा, त्यामुळे दर शनिवारी मी कागदावर भागाकार करत बसते. त्यावर रविवारी पहाटे शेतकऱ्यांशी बोलून आमचा भाव ठरतो. यार्डापेक्षा बराच वर, हातगाडीपेक्षा थोडा खाली. एकदा ठरला की खडूने फळ्यावर, आणि मग घासाघीस बंद. सुरुवातीला लोकांना हे पचलं नाही. भाजी घेताना दोन रुपये सोडवून घेतले नाहीत तर काहींना आपण फसलो असंच वाटतं. मुकाट्याने वर मूठभर कढीपत्ता मिळायला लागल्यावर तक्रार थांबली.

2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला आणि त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू केलं. आमचा बाजार त्यातला नव्हे, आमचा चार सोसायट्यांनी मिळून मधल्या पटांगणात भरवलेला. पण तेव्हा पुण्यात ती हवाच होती. पोत्यावर बसलेला अस्सल शेतकरी बघायला लोक मुलांना घेऊन यायचे, फोटो काढायचे. ते नवल ओसरलं ते बरं झालं. आता जे येतात ते पिशवी घेऊन येतात.

रविवार, दुपार

अंग मोडून आलंय, पण हे आत्ता लिहिलं नाही तर राहून जाईल.

सहाच्या आधी छोटा हत्ती लागायला सुरुवात. अण्णांचा वाटाणा आणि सीताफळं. मुळशीचे दोघे भाऊ आंबेमोहर घेऊन आले, मागच्या हंगामातला, जुना. नवा दिवाळीच्या आगेमागे येतो, पण जुना भात जास्त फुलतो, गिचका होत नाही, म्हणून जाणती गिऱ्हाइकं आत्ताच पाच-दहा किलो भरून ठेवतात. गौरीला लागतोच.

टोमॅटोवाल्याचा टेम्पो आला तेव्हा मी मुद्दाम उतरवून घ्यायला गेले. पहिली कॅरेट त्याची, नेहमीची, टोमॅटो लहानमोठे, एखादा चिरलेला, देठाला चिखल. त्याखालच्या कॅरेटवर लाल रंगात एका आडत्याचं नाव. आत लिंबं, एकसारखी, निवडलेली. शेजारी आलं, हिरवी मिरची.

"लिंबं कुठली रे?"

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "यार्डातली, काकू."

आढेवेढे नाहीत, काही नाही. मग म्हणाला, "पावसाने निम्मा प्लॉट गेला. नुसत्या टोमॅटोवर डिझेल निघत नाही. गिऱ्हाईक टोमॅटो घेतं आणि म्हणतं, मिरची नाही? लिंबू नाही? मग सगळंच शेजारच्या हातगाडीवरून घेतं. मिरची माझ्या चुलत्याची आहे, ती घरचीच धरा."

चुलत्याची मिरची मला मान्य आहे. शेजारच्या बांधावरची, भावकीतली भाजी एका टेम्पोत येणार नसेल तर प्रत्येकाने स्वतंत्र टेम्पो करायचा का? एक-दोन एकरवाल्याला ते परवडणारच नाही. पण यार्डातलं लिंबू म्हणजे कुणाचंही लिंबू. ते कॅरेट मी परत टेम्पोत ठेवायला लावलं आणि बाकीचं संध्याकाळी बोलू म्हणाले. त्याने ठेवलं. तोंड पाडून, पण ठेवलं.

आता मावशींबद्दल.

मावशी फाटकाच्या आतल्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला लागून बसतात. टेबल नाही, छत नाही, एक पोतं आणि वर काळी छत्री. आमच्या नोंदवहीत त्यांचं नावसुद्धा नाही. कातकरी आहेत, मुळशीच्या पलीकडून येतात, पहिल्या एसटीने. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या बाजाराच्या समितीतल्या एकांनी नियमाप्रमाणे सातबारा मागितला. त्या हसल्या. "कसला सातबारा, साहेब? घर हाय त्याखालची जागाबी माझी न्हाई." त्यावर कुणाला काही बोलता येईना, आणि बसू नका म्हणायला कुणाची जीभ वळेना. तेव्हापासून त्या अशाच, ना आत ना बाहेर.

जूनमध्ये त्या शेवळं, म्हणजे रानातले कोवळे कोंब, आणतात, सोबत काकडं, ती आंबट रानफळं. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, काकडं घातली की ती मरते. त्या दोन्ही मिळूनच देतात, सुटी देत नाहीत. "खाज सुटली की नाव माझं खराब." जुलैत टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या. आज कर्टुली होती. टाकळा आता निबर झाला म्हणून आणला नव्हता, मागणी असूनसुद्धा. माझ्यासमोर एका बाईने टाकळा मागितला तर म्हणाल्या, "गुरं बी खाईनात आता." त्या बाई जरा दुखावल्याच.

त्यांचं कर्टुली निवडणं मी आज पाच मिनिटं उभी राहून बघितलं. टोपली पुढ्यात ओतली, हात फिरवला, आणि डोळ्यांनी न बघता नुसत्या बोटांनी वेगळी काढत गेल्या. हिरवी, मऊ काट्यांची एका बाजूला. काटे जरा राठ लागले, पोटाशी पिवळट झाक आली की दुसरीकडे, कारण त्यात बी लाल होऊन टणक झालेलं असतं. ती दुसरी रास अर्ध्या किमतीला. वाटे लावतात, तराजू नाही. एकाने किलोचा भाव विचारला तर म्हणाल्या, किलो तुमच्या दुकानात, माझा वाटा वीस रुपयांचा. वाट्यात किती भरलं ते मी मागे एकदा कुतूहलाने घरी मोजलं होतं. सोसायटीच्या दारात येणाऱ्या हातगाडीपेक्षा मापात जास्तच निघालं.

मी विचारलं, एवढी कर्टुली तोडता, पुढच्या वर्षी उरतात का? म्हणाल्या, वेलाला हात लावायचा, कंदाला नाही. वेल पावसाळ्यानंतर वाळून जातो, जमिनीतला कंद मात्र पुढच्या पावसाची वाट बघत राहतो. आणि वेलातही नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ धरत नाही म्हणून काही पोरं तो उपटून टाकतात, मग मादीलाही धरत नाही. हे सांगताना कपाळाला हात लावला. शेतीशाळेत दोन तास बसून मला जेवढं कळलं नसतं तेवढं पोत्याशेजारी उभं राहून कळलं.

ऋषीच्या भाजीसाठी आज त्यांच्याभोवती नुसता वेढा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं, नाहीतर आपोआप उगवलेलं हवं. आता नांगरटच बहुतेक ट्रॅक्टरने होते, त्यामुळे काटेकोर बघितलं तर बाजारातली निम्मी भाजी ऋषिपंचमीला चालायला हरकत नाही! हे मी बोलून दाखवलं तर दोन आज्जी माझ्यावर तुटून पडल्या. अलिबागकडच्या एका आज्जींना देवभात, म्हणजे आपोआप उगवणारं रानातलं भात, हवं होतं. मावशींकडे नव्हतं. अळूवरून वाद झाला तो वेगळाच. एका सुनेने काळसर देठाचं अळू उचललं, सासूने ते परत ठेवून फिकट देठाचं घेतलं: काळं वडीला, फिकं भाजीला. सुनेने मुकाट्याने दोन्ही घेतली.

साडेदहाच्या आत मावशींची टोपली रिकामी. इतर टेबलांवर साडेअकराला उरलेल्या मालाची पंचाईत सुरू होते, अर्ध्या भावात द्यायचं की परत न्यायचं. त्यांना ती वेळ आजवर आलेली मी पाहिलेली नाही.

रविवार, रात्र

समितीची बैठक आमच्याकडे. चहा आणि अण्णांच्या वाटाण्याची उसळ. उसळ संपेपर्यंत सगळे गोडीत होते.

टोमॅटोवाल्याला काढून टाका, असं दोघांचं म्हणणं. मी म्हटलं, काढायला हरकत नाही, पण मग हा सातबारा कशासाठी मागतो आपण? त्याच्या कागदावर काही खोट नव्हती आणि लिंबं यार्डातली होती. मावशींकडे कागद नाही आणि त्यांच्यापेक्षा खात्रीचा माल त्या पटांगणात कुणाचा नाही. कागदावरून आपल्याला जमीन कुणाची एवढंच कळतं. शिवाय आमच्या टेबलांवर बसणाऱ्या बायकांपैकी किती जणींचं नाव त्या उताऱ्यावर आहे? बहुतेक जणी नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा दाखवतात. खुरपतात त्या, तोडतात त्या, विकतात त्या.

एकांनी कायद्याची शंका काढली: रानातलं आणून विकलेलं चालतं का? वकिली करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं की 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिलेला आहे. तो मुद्दा तिथे मिटला. पण दुसऱ्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. ते म्हणाले, उद्या कुणीही उठेल, यार्डातली कर्टुली आणेल आणि रानातली म्हणून विकेल, तेव्हा काय करशील? शिवाय मागणी वाढली की मावशींसारखं वेल जपणारं कोण राहील? याला उत्तर नाही. गिऱ्हाईक वाढवणं हे आमचंच काम, आणि त्याचा ताण त्या डोंगरावर पडणार हेही खरं.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक टेबलावर पाटी: गाव कोणतं, रान कुणाचं, तोडणी कधीची. स्वतःचं आणि भावकी-शेजारचं चालेल, पण तसं लिहायचं. यार्डातलं नाही. टोमॅटोवाला राहील. पावसाळाभर त्याला टेबलाचं भाडं माफ, म्हणजे लिंबांची गरज पडणार नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, पाटी लिहितो, पण चुलत्याचं नाव लिहिलं तर तो हिस्सा मागेल." मागू दे की.

मावशींना अण्णांच्या शेजारचं टेबल, भाडं नाही. पाटी आम्ही लिहून द्यायची. रकान्यात "रान कुणाचं" पुढे काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. मी म्हटलं, त्यांनाच विचारू.

हातगाडीवाल्याचा विषय कुणीच काढला नाही. रविवारी त्याचा धंदा आमच्यामुळे बसतो. सोमवार ते शनिवार, भर पावसात, दारात भाजी आणणारा तोच आहे, आणि त्याला यार्डाशिवाय गत्यंतर नाही. पुढच्या बैठकीत काढणार आहे.

सोमवार

मावशींकडे फोन नाही, त्यांच्या गावातल्या दुकानदाराच्या नंबरवर निरोप ठेवला होता. संध्याकाळी फोन आला. टेबल नको म्हणाल्या. टेबलाशी उभं राहावं लागतं, गुडघे दुखतात, आणि वाटे लावायला जमीनच बरी. ताडपत्री मात्र हवी. पाटीचं विचारलं तर म्हणाल्या, "काय बी लिव्हा, ताई, मला कुठं वाचता येतंय." गावाचं नाव तेवढं बरोबर लिहा म्हणाल्या, मागे कुणीतरी शेजारच्या वाडीचं छापलं होतं.

ताडपत्री सांगून ठेवली, आठ बाय दहाची. आता गौरीच्या सोळा भाज्यांची यादी करायला बसायचंय. अंबाडी कुणाकडेच नाही असं दिसतंय. खेडच्या गटाला उद्या सकाळी फोन.