पावसाची नऊ वाहने: एका हलत्या चित्रमालिकेची घडण

पावसाच्या नक्षत्रांवर हलत्या चित्रांची मालिका करण्याची कल्पना मला पंचांगातल्या एका छोट्या कोष्टकावरून सुचली. सूर्य ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि तेथून सुमारे साडेतेरा दिवसांनी नक्षत्र बदलत बदलत २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागते. मृगापासून हस्तापर्यंतची ही नऊ नक्षत्रे पावसाची, आणि प्रत्येकापुढे त्या वर्षीचे वाहन छापलेले असते. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती ही ती वाहने. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचे, अशी ती रीत आहे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला की ओढ, घोडा आला की पाऊस डोंगरावर, असे गावाकडे आजही बोलतात. हवामानाचा अंदाज म्हणून या कोष्टकावर कोणी विसंबावे असे मी म्हणणार नाही. परंतु पावसाला एखाद्या प्राण्याची चाल असते ही त्यामागची कल्पना ॲनिमेशन करणाऱ्या माणसाला फार मोलाची वाटते, कारण त्याचे सगळे काम शेवटी चालीचेच असते.

पंचांगात एकाच वर्षी एखादे वाहन दोनदा येते आणि दुसरे मुळीच येत नाही. मला मात्र नऊ नक्षत्रांना नऊ वेगळी वाहने हवी होती, म्हणून कोणत्याही एका वर्षाचे कोष्टक न घेता मी माझी स्वतःची वाटणी केली. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. त्यामुळे पहिल्याला घोडा आणि दुसऱ्याला म्हैस देणे मला योग्य वाटले. उत्तरा नक्षत्राच्या सुमारास शेतात दाणा भरू लागतो, म्हणून तेथे उंदीर आला. हस्ताच्या पावसाला हत्तीचाच पाऊस म्हणतात, त्यामुळे त्या जोडीबद्दल विचारच करावा लागला नाही. प्रत्येक चित्र त्याच्या नक्षत्रातच पूर्ण करायचे आणि पुढचे नक्षत्र लागले की मागच्या चित्राला हात लावायचा नाही, असा नियमही मी घालून घेतला. या नियमाचा मला फार उपयोग झाला. घरी स्वतःसाठी केलेल्या कामाला मुदत नसते आणि मुदत नसलेले काम सुधारत राहण्याच्या नादात कधी संपत नाही. येथे मुदत सूर्याने दिलेली होती.

दुसरा नियम अधिक कठीण होता. पाऊस वगळता प्रत्येक चित्रात एकच गोष्ट हलेल, बाकी सारे पूर्ण स्थिर राहील, असे मी ठरवले. आजची साधने इतकी सोयीची आहेत की पाने, ढग, पदर, धूर, सगळेच थोडे थोडे हलवण्याचा मोह होतो, आणि मग पाहणाऱ्याची नजर कोठेच ठरत नाही. लूप म्हणजे शेवटून पुन्हा पहिल्याला जोडलेले चित्र. ते माणूस एकदा पाहून थांबत नाही, त्यामुळे त्यात जे हलते ते पुनःपुन्हा पाहण्याजोगे असले पाहिजे. १८३२ मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी केलेली फिरती चकतीसुद्धा अशीच होती: चित्रे मोजकी, हालचाल एक, आणि तिला अंत नाही. ॲनिमेशनचा हा सर्वांत जुना प्रकार मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटतो.

सुरुवात पावसापासून केली, कारण तो नऊही चित्रांत असणार होता. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. मी सेकंदाला बारा चित्रे काढत होते. म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो थेंब अर्ध्या मीटरहून अधिक खाली गेलेला असतो. अशा वेगात थेंब थेंबासारखा काढून काहीच साधत नाही, त्याची रेघच काढावी लागते, आणि रेघेची लांबी पावसाचा स्वभाव सांगते. भुरभुर पावसाचा बारीक थेंब सेकंदाला दोनेक मीटरच उतरतो, म्हणून त्याची रेघ आखूड. मुसळधार पावसाची लांब आणि जाड. पाऊस मी तीन थरांत विभागला. जवळचा थर आठ चित्रांनी पुन्हा सुरू होतो, मधला बारा चित्रांनी आणि दूरचा सोळा चित्रांनी. या तिन्ही संख्यांनी अठ्ठेचाळीसला पूर्ण भाग जातो, त्यामुळे चार सेकंदांच्या लूपच्या टोकाला तिन्ही थर एकाच क्षणी आपापल्या आरंभी पोहोचतात आणि सांधा कोठे आहे ते दिसत नाही. मधल्या काळात मात्र त्यांची जुळणी सतत बदलत राहते, आणि थोड्याच रेघांतून न संपणारा पाऊस उभा राहतो.

मृगाला बेडूक देण्याचे कारण रंग हे होते. पहिल्या पावसात आपल्याकडच्या मोठ्या बेडकाचे नर पिवळेजर्द होतात आणि त्यांच्या गळ्याखालच्या दोन पिशव्या निळ्या दिसू लागतात. करड्या पाण्यात तो पिवळा रंग आणि फुगून पुन्हा बसणाऱ्या त्या निळ्या पिशव्या, एवढेच त्या चित्रात आहे. बेडूक उडी मारत नाही. उडी मारली तर त्याला परत जागेवर आणण्यासाठी काहीतरी कृत्रिम करावे लागते. श्वासाला आणि आवाजाला मात्र मुळातच आवर्तन असते.

आर्द्रेला मोर घेतला तो पिसाऱ्यासाठी, कारण पावसाळा सरता सरता मोराची लांब पिसे गळू लागतात आणि पुढच्या नक्षत्रांत तो भरला पिसारा खोटा ठरला असता. नाचताना मोर पिसारा थरथरवतो, तो सेकंदाला जवळजवळ पंचवीस वेळा. बारा चित्रांच्या हिशेबात ही थरथर मावणे शक्यच नाही. या विषयावरचे संशोधन वाचताना एक सुंदर गोष्ट कळली: पिसारा थरथरत असताना त्यावरचे डोळे जवळपास जागच्या जागी राहतात आणि त्यांच्या भोवतीचे पीस तेवढे लकाकत राहते. मग मी डोळे पूर्ण स्थिर ठेवले आणि त्यांच्या मागच्या पिसांच्या केवळ दोन छटा आलटून पालटून दाखवल्या. थरथर काढलेली नाही, तरी ती दिसते. संपूर्ण मालिकेत मला सर्वाधिक समाधान याच चित्राने दिले.

घोड्यासाठी छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये घेतलेली छायाचित्रे समोर ठेवली. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, पुढे-मागे फाकलेले असताना नव्हे, हे त्या छायाचित्रांनी प्रथम दाखवले. माझा घोडा दौडत नाही, घाटाच्या कडेने चालतो. चालताना मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा पायांचा क्रम असतो. तो क्रम हातात बसेपर्यंत मी रंगांकडे वळले नाही.

म्हशीचे चित्र मामांच्या गोठ्यात ठरले. मी वही घेऊन गेले होते आणि म्हैस पावसात चालताना पाहावी असा माझा विचार होता. मामा म्हणाले, “अगं, अंगावर पाऊस आला की ती चालत नाही. उभी राहते. कान तेवढे हलवते.” मी उभी राहून पाहिले आणि खरोखरच तसे होते: काळी, भिजून चकाकणारी पाठ, तिच्यावरून निथळणारे पाणी, आणि मध्येच मागे जाऊन पुन्हा पुढे येणारा एक कान. म्हाताऱ्या पावसाला याहून योग्य हालचाल मला सुचली नसती. कान हलतो तो चार सेकंदांतून एकदाच, आणि त्याची वाट पाहण्यातच त्या चित्राची गंमत आहे.

मेंढा, कोल्हा आणि गाढव ही मधली तीन चित्रे फारशी अडचण न येता झाली, आणि उत्तरेचा उंदीरही.

खरा कस लागला तो हस्ताला. सूर्य हस्तात असताना भोंडला होतो. पाटावर हत्ती काढतात किंवा मांडतात आणि मुली त्याच्याभोवती फेर धरतात. हत्ती येथे चित्रातले चित्र असल्यामुळे तो स्थिर राहणार आणि फेर हलणार, हे उघड होते. आठ मुली सारख्या अंतरावर आणि सारख्याच दिसणाऱ्या असत्या, तर फेराचा आठवा भाग काढून भागले असते, कारण एक मुलगी पुढचीच्या जागी पोहोचताच लूप पूर्ण झाला असता. परंतु भोंडल्यात एकसारख्या मुली नसतात. एखादी परकर-पोलक्यातली, एखादी शाळेच्या गणवेशात तशीच आलेली, एखादी धाकटी, जिचा हात मोठ्या बहिणीने जरा ओढून धरलेला असतो. त्यांना वेगळे ठेवायचे तर पहिली मुलगी पुन्हा पहिल्या जागी येईपर्यंत सगळा फेर काढणे भाग होते. सोळा सेकंदांचा फेर, म्हणजे १९२ चित्रे. मी तो पूर्ण काढला. काम कमी व्हावे म्हणून आठ मुलींना एकच चेहरा देणे मला पटले नाही.

साधन म्हणून मी क्रिता हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरले आणि ते पुरेसे ठरले. चित्रे बाहेर काढताना मात्र माध्यमाच्या मर्यादा आधीच लक्षात ठेवाव्या लागतात. जिफ या हलत्या चित्रांच्या फाइल-प्रकारात एका फ्रेमला, म्हणजे एका सुट्या चित्राला, २५६ रंगच मिळतात आणि फ्रेमचा कालावधी सेकंदाच्या शंभराव्या भागात द्यावा लागतो, त्यामुळे सेकंदाला नेमकी बारा चित्रे बसत नाहीत, साडेबारा होतात. व्हिडिओची अडचण वेगळी आहे: तेथे उजळपणापेक्षा रंगाची माहिती कमी बारकाईने साठवली जाते, म्हणून बारीक रंगीत रेघ फिसकटते. पावसाच्या रेघा मी पार्श्वभूमीपासून रंगाने वेगळ्या न करता उजळपणाने वेगळ्या ठेवल्या त्या याच कारणाने, आणि हा निर्णय पहिल्याच चित्रापूर्वी घेतला असल्यामुळे नऊही चित्रांत पाऊस स्वच्छ राहिला.

चित्रा आणि स्वाती ही दोन नक्षत्रे बाहेर राहिली, कारण नऊ वाहने हस्तापाशी संपली. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ असे म्हणतात, आणि रब्बीच्या ज्वारीसाठी त्या पावसाचे महत्त्व मोठे आहे, त्यामुळे स्वातीचे चित्र वाहनाविना करायला मी घेतले आहे. पार्श्वभूमी झाली आहे: काळे रान, नुकती वर आलेली ज्वारी आणि संध्याकाळचे उतरते ऊन. पाऊस तेथे अगदी थोडा, आखूड रेघांचा आहे. त्याशिवाय हलणारी एक गोष्ट कोणती असावी, याचा शोध सध्या चालू आहे.