शंभराच्या आत

घरगुती फ्रिज आणि फ्रीजर तयार करणाऱ्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मॉडेलांच्या चाचण्या आणि मंजुरीचे काम माझ्याकडे आहे. ज्या मॉडेलाविषयी मी लिहिते आहे, ते दिसायला अगदी साधे होते. उंची ८५ सेंटिमीटर, ओट्याखाली सरकवता येईल अशी ठेवण, एक दार, आत खण, आणि बर्फ साचला की तो हाताने वितळवण्याची जुनीच पद्धत. हा फ्रीजर आम्ही अनेक देशांत आधीपासून पाठवत होतो. त्यामुळे युरोपीय संघातल्या एका आयातदाराने त्याची मागणी नोंदवली, तेव्हा काम मुख्यतः कागदपत्रांचे आहे, अशी कारखान्यातल्या सगळ्यांची समजूत होती आणि माझीही त्याहून वेगळी नव्हती. पहिला कंटेनर निघेपर्यंत आठ महिने गेले.

प्रशीतकाचा, म्हणजे आत फिरणाऱ्या वायूचा, प्रश्न आमच्यापुरता तरी सुटलेला होता. जागतिक तापमानवाढीची क्षमता (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, तो आकडा) १५० किंवा त्याहून अधिक असलेला हायड्रोफ्लुरोकार्बन वापरणारे घरगुती फ्रिज आणि फ्रीजर युरोपीय संघाच्या बाजारात आणण्यावर १ जानेवारी २०१५ पासून बंदी आहे, आणि पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए या वायूचा हा आकडा १४३० आहे. आम्ही त्याआधीच आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा हायड्रोकार्बन वायू, वापरू लागलो होतो. हायड्रोकार्बनवर चालणारा घरगुती फ्रिज १९९३ साली जर्मनीत फोरॉन या कंपनीने बाजारात आणला, तेव्हा ‘घरात ज्वलनशील वायू ठेवणार का’ हा आक्षेप जोरात होता. आता आयसोब्युटेन जगभरच्या कारखान्यांत नित्याचा झाला आहे. अमेरिकेने २०११ मध्ये घरगुती फ्रिजमध्ये फक्त ५७ ग्रॅमपर्यंत परवानगी दिली होती, ती २०१८ मध्ये १५० ग्रॅमपर्यंत वाढवली, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाची मर्यादाही १५० ग्रॅमच आहे. आमच्या फ्रीजरमध्ये ४२ ग्रॅम भरला जात होता. सुरक्षेच्या तपासणीत आम्हाला करावा लागलेला एकमेव बदल कॉम्प्रेसरजवळच्या पिवळ्या त्रिकोणाचा होता. ज्वाळेच्या त्या चिन्हाची उंची किमान १५ मिलिमीटर असावी लागते, आणि आमच्या जुन्या लेबलवर ती १२ भरली. लेबल नव्याने छापून घेतले आणि तो विषय संपला.

खरी परीक्षा विजेच्या वापराची होती. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून फ्रिज-फ्रीजरसाठी ‘ए’ ते ‘जी’ अशी नवी श्रेणी लागू झाली. तिच्यामागे ऊर्जा-क्षमता निर्देशांक असतो. तुमचे उपकरण वर्षाकाठी जेवढी वीज खाते, ती त्याच आकाराच्या आणि त्याच प्रकारच्या प्रमाण उपकरणाच्या तुलनेत किती टक्के आहे, एवढेच तो सांगतो, आणि तो जितका कमी तितके चांगले. ऐंशीच्या वर आणि शंभरापर्यंत असला तर ‘ई’ श्रेणी मिळते. सुरुवातीला नेहमीच्या घरगुती उपकरणांना १२५ पर्यंत मुभा होती, परंतु १ मार्च २०२४ पासून ती मर्यादा १०० वर आली. म्हणजे शंभरापलीकडे गेलेल्या फ्रीजरला खालची श्रेणी मिळते असे नाही, तर त्याला त्या बाजारात जागाच राहत नाही. (श्रेणीचा नियम २०१९/२०१६ आणि किमान क्षमतेचा नियम २०१९/२०१९ या क्रमांकांनी ओळखला जातो. यातला वर्ष कोणता आणि क्रमांक कोणता, यावर आमच्या खरेदी विभागाशी माझा एक अख्खा फोन खर्ची पडला आहे.)

आमच्या स्वतःच्या चाचणी कक्षात निर्देशांक ९६ आला होता. आयईसी ६२५५२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार विजेचा वापर भोवतालच्या दोन तापमानांना, १६ आणि ३२ अंश सेल्सिअसला, मोजतात आणि दोन्हींवरून वर्षाचा आकडा काढतात. या चाचणीत फ्रीजर रिकामा असतो आणि आतल्या हवेचे सरासरी तापमान उणे १८ वर आणावे लागते. साठवणुकीची चाचणी निराळी असते. तिच्यात मिथाइलसेल्युलोजच्या लगद्याची पाकिटे भरतात. त्या लगद्याचे उष्णतेविषयीचे वागणे बिनचरबीच्या मांसासारखे असते, आणि ज्या अर्ध्या किलोच्या पाकिटांच्या पोटात तापमान मोजणारी तार असते त्यांना आम्ही एम-पाकिटे म्हणतो. भोवतालच्या १० ते ४३ अंशांपर्यंतच्या हवामान-वर्गासाठी आमचा फ्रीजर ती चाचणी व्यवस्थित पार करत होता. त्यामुळे आयातदाराने बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा असे कळवले, तेव्हा मला ती केवळ औपचारिकता वाटली. शनिवारी गाडीची वेळ ठरली आणि सोमवारी सकाळी उत्पादनातून निघालेले पहिले तीन नग दुपारच्या गाडीने रवाना झाले. हा तपशील मी तेव्हा कुठे लिहूनही ठेवला नव्हता.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. निर्देशांक १०४ होता.

त्या दिवशीच्या बैठकीत जे झाले ते मला सविस्तर सांगायला हवे, कारण या व्यवसायात तो मोह प्रत्येकाला केव्हा ना केव्हा होतो. बाजारातून नमुना उचलून तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेला विजेच्या वापराच्या मोजमापात १० टक्क्यांची सवलत धरावी लागते. एक नग त्यापलीकडे गेला तर आणखी तीन नग तपासतात आणि त्यांची सरासरी पाहतात. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाले, “मॅडम, आपण ९६ जाहीर करू. १०४ म्हणजे त्याच्यावर आठ टक्क्यांच्या आसपास आले. उद्या कोणी तपासले तरी आपण सवलतीच्या आतच आहोत.” हिशेबात चूक नव्हती. मात्र नियमात स्पष्ट लिहिले आहे की ही सवलत तपासणाऱ्यांच्या मोजमापातील फरकासाठी आहे, आणि उत्पादकाने आपले आकडे ठरवताना तिचा आधार घेऊ नये. मी ते कलम वाचून दाखवले. त्यावर “मग आपला ९६ कुठून आला?” असा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो अधिक उपयोगाचा निघाला.

आधी संशय आमच्या कक्षावर आला. तापमान मोजणाऱ्या तारा दाराच्या रबरी गॅस्केटमधून आत नेताना फट राहते, पण तिने वीज जास्त लागते, कमी नव्हे, म्हणून ती शंका आमच्याच विरुद्ध जात होती. विजेचे मीटर प्रमाणित होते. कक्षातला हवेचा वेग मर्यादेत होता. शेवटी प्रयोगशाळेतून तिन्ही नग परत मागवले आणि त्यातला एक आमच्या कक्षात लावला. आमच्याकडेही तो १०३ आला. मोजणी बरोबर होती. फ्रीजरच वेगळे होते.

त्या रात्री मी आणि कक्षाचे तंत्रज्ञ उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आत उभे होतो. बाहेर ३२ अंश, आत उणे १८. चांगल्या भिंतीचा बाहेरचा पत्रा कॅमेऱ्यात सर्वत्र जवळजवळ एकाच रंगाचा दिसतो. या फ्रीजरच्या उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा निळसर डाग होता. पत्र्यावरून बोट फिरवले तर तेवढाच भाग ओलसर लागला. पुढच्या सकाळी करवतीने तो कोपरा कापून काढला. पत्रा आणि आतले प्लॅस्टिकचे अस्तर यांच्यामध्ये जिथे घट्ट, बारीक छिद्रांचा पिवळसर फोम असायला हवा, तिथे पोकळी होती. तिच्या कडेचा फोम हाताने चुरगळत होता, आणि त्याची छिद्रे लांबट, ताणल्यासारखी होती.

हा फोम भिंतीत ओतला जातो तेव्हा द्रवरूप असतो. पॉलियुरेथेनची दोन रसायने एकत्र येतात, त्यांच्यात मिसळलेला सायक्लोपेंटेन उष्णतेने वायुरूप होऊन मिश्रण फुगवतो, आणि काही मिनिटांत ते घट्ट होते. ओझोनला घातक अशी पूर्वीची फुगवणारी द्रव्ये गेल्यानंतर बऱ्याच कारखान्यांनी सायक्लोपेंटेन स्वीकारला. तो ज्वलनशील असल्यामुळे आमच्या फोमच्या विभागात वायुसंवेदक आणि मोठे पंखे कायम चालू असतात. मिश्रण फुगत असताना सांगाडा एका जाड साच्यात, म्हणजे जिगमध्ये, घट्ट धरून ठेवतात. जिग गरम असावा लागतो. तो थंड असेल तर पत्र्याला टेकणारा थर लवकर थिजतो, पुढे सरकणाऱ्या फोमचा जोर कमी होतो, आणि ओतण्याच्या जागेपासून सर्वांत दूरचा कोपरा अर्धवट राहतो. आमच्याकडे फोम कॉम्प्रेसरच्या बाजूने ओततात. सर्वांत दूरचा कोपरा म्हणजे वरचाच.

नोंदवही काढली तेव्हा उलगडा झाला. रविवारी कारखाना बंद होता. सोमवारी पाळी सुरू झाली, तेव्हा गाडी दुपारी निघायची म्हणून जिग पुरते तापण्याआधीच पहिले सांगाडे आत घेतले गेले होते. आमच्या कक्षात ज्यावर ९६ आले, तो नग बुधवारी दुपारचा होता. म्हणजे प्रयोगशाळेला पाठवण्यासाठी आम्ही संपूर्ण आठवड्यातले सर्वांत वाईट तीन नग निवडले होते, आणि तेही घाईने. या चुकीत माझा वाटा पहिला होता, कारण नमुने कोणत्या लॉटमधून घ्यायचे हे ठरवणे माझे काम होते.

दुरुस्ती सोपी होती, ती मान्य करून घेणे कठीण. जिगचे तापमान ठरलेल्या पातळीवर आल्याशिवाय फोमचे यंत्र सुरूच होणार नाही, अशी जोडणी करायची होती. उत्पादन विभागाचा आक्षेप असा होता की सोमवारची पहिली पाऊण तास पाळी रिकामी जाईल. मी कापलेला कोपरा बैठकीच्या टेबलावर ठेवला, पण त्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो गेल्या वर्षभरातल्या ‘बाहेरच्या पत्र्यावर पाणी येते’ या तक्रारी उत्पादनाच्या वारांप्रमाणे लावून दाखवल्यावर. सोमवारचा स्तंभ इतरांपेक्षा डोळ्यांत भरेल इतका उंच होता.

मधल्या काळात कॉम्प्रेसर बदलण्याची सूचनाही आली. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपली गती गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, त्यामुळे वीज वाचते, आणि ५० व ६० हर्ट्झ अशा दोन्ही वीजपुरवठ्यांवर एकच यंत्र चालू शकते. निर्यात करणाऱ्या कारखान्याला हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा असतो, कारण देशागणिक कॉम्प्रेसरचा वेगळा साठा ठेवावा लागत नाही. सगळा व्यवसाय त्या दिशेने सरकतो आहे आणि आमची मोठी मॉडेले सरकली आहेतच. पण भिंतीतल्या पोकळीवर महाग कॉम्प्रेसरचे झाकण घालणे मला पटत नव्हते. पोकळी राहिली असती, आणि काही वर्षांनी त्याच कोपऱ्यात ओल धरली असती.

नव्या लॉटमधून तीन नग निवडताना मी दिवस आणि वेळ चिठ्ठ्या टाकून ठरवले, आणि त्यात एक सोमवार सकाळचा आला. प्रयोगशाळेचे आकडे ९६, ९७ आणि ९७ असे आले. आम्ही ९८ जाहीर केले.

त्यानंतरचे काम भराभर झाले. लेबल लावण्याआधी मॉडेलची नोंद एप्रेल नावाच्या युरोपीय नोंदवहीत करावी लागते, आणि ती युरोपीय संघात स्थापन झालेल्या पुरवठादारालाच करता येते, म्हणून ती आयातदाराने केली. अडले ते सुट्या भागांच्या हमीवर. थर्मोस्टॅट, तापमान-संवेदक, सर्किट बोर्ड, बिजागऱ्या, मुठी, खण हे भाग शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षे मिळत राहिले पाहिजेत, आणि दाराची गॅस्केट १० वर्षे. मागणी आल्यावर ते १५ कामकाजी दिवसांत पोहोचवावे लागतात. गॅस्केटची रबरी पट्टी ज्या डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यातून, काढतात ती आमच्या पुरवठादाराच्या मालकीची होती, आणि मॉडेल बंद झाले की तो ती मोडीत काढत असे. दहा वर्षांची हमी देण्यासाठी ती डाय आम्ही विकत घेऊन आमच्या भांडारात ठेवली. फ्रीजरच्या आयुष्याचा इतक्या दूरवरचा विचार आमच्या करारांत यापूर्वी कधी आलेला नव्हता.

शेवटचा अडथळा हवेचा होता. फ्रीजर म्हणजे बव्हंशी रिकामी जागा, त्यामुळे जहाजाचे भाडे वजनाने नव्हे तर जागेने पडते. चाळीस फुटी उंच कंटेनरची आतली उंची साधारण २६९ सेंटिमीटर असते. खोक्यासह आमच्या फ्रीजरची उंची ८८, म्हणजे तीन थरांचे २६४ होतात आणि ते आत बसतात. एका ओळीत चार खोकी, एकोणीस ओळी आणि तीन थर धरून विक्री विभागाने २२८ नगांचा भाव देऊन टाकला होता. परंतु कंटेनरच्या दाराची उंची २५८च असते. आतल्या ओळींवर तिसरे खोके चढवता येते, कारण ते खालून आत नेऊन मग वर उचलायला पुढे जागा असते. दारालगतच्या शेवटच्या ओळीसमोर मात्र ४४ सेंटिमीटरच उरतात आणि खोके ६१ सेंटिमीटर खोल आहे. भरणाऱ्या मंडळींनी ते आडवे, तिरपे, सगळ्या प्रकारे धरून पाहिले. समुद्रावरच्या दमटपणात पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून खालचे थर्माकोल पातळ करून उंची कमी करण्याला मी नकार दिला.

शेवटच्या ओळीवरची चार खोकी गोदामात परत गेली. २२४ नग भरून कंटेनरला सील लागले, आणि विक्री विभागाने प्रत्येक नगामागचे भाडे पुन्हा काढायला घेतले.